सर्दी-तापाला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, डॉक्टर बदलू का?

नका बदलू, उलट धरून ठेवा असा डॉक्टर. मी सोलापुरात अशोक चौकाकडं मेडिकल चालवतो, दिवसभर चिठ्ठ्याच बघतो. तुम्ही लिहिलंय की दोन दिवस सर्दी, घसा दुखतोय, थोडा ताप आणि डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल आणि गुळण्या सांगितल्या. अशी सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची असते, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, नुसता शेंबूड पिवळा झाला म्हणून द्यायचं नसतं. अँटिबायोटिक लिहून द्यायला अर्धं मिनिट लागतं, का देत नाही ते समजवायलाच वेळ जातो, आणि बाहेर पेशंटची रांग असते.

आमच्याकडं यंत्रमागावरची, विडीवाली माणसं येतात, एक खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली, म्हणून "स्ट्राँग द्या, उद्या कामाला जायचंय" म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. पण चिठ्ठी नाही काही नाही आणि अझीच्या (अझिथ्रोमायसिन, एक अँटिबायोटिक) स्ट्रिपमधली एकच गोळी कापून द्या म्हटलं की मी देत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. कारण गोळी पोटात गेली की आतड्यातल्या जंतूंवर पण तिचा मारा होतो, कच्चे मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात, घरातल्या दुसऱ्यांना पण जातात. मग पुढं ह्याच जंतूंमुळं साधं लघवीचं इन्फेक्शन झालं तरी नेहमीची गोळी लागू पडत नाही, कोणतं औषध चालेल ते बघायला कल्चर तपासणी करा, ॲडमिट व्हा, महागडी इंजेक्शनं घ्या.

नियम पण आहेत. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन असली अँटिबायोटिक 2014 पासून शेड्यूल एच वन मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत, रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं सगळं लिहायचं आणि ते 3 वर्षं ठेवायचं. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं डॉक्टरांना पत्रच काढलं की अँटिबायोटिक लिहिताना कारण पण लिहा. मला हे फार पटलं, कारण लिहायचं म्हटलं की हात आपोआप थांबतो.

तुम्ही पण विचारत जा, "हे कशासाठी आणि किती दिवस?" चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. दिलंच तर सांगितलंय तेवढं घ्या, उरलेलं शेजाऱ्याला देऊ नका. आणि ताप तीन दिवसांत उतरला नाही, दम लागला किंवा बरं वाटून परत चढला तर त्याच डॉक्टरकडं जा, पावसाळ्यात डेंग्यूची तपासणी पण लागू शकते.