क्वार्टरबॅक पारखताना चपळाई किती मोजावी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघासाठी कॉलेजातील क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) पारखताना चपळाईला महत्त्व जरूर द्यावे, पण पहिला क्रमांक देऊ नये. नवखे निरीक्षक हमखास चाळीस यार्डांच्या धावेवर भाळतात. टॉम ब्रेडीने 2000 मध्ये हे अंतर 5.28 सेकंदांत, म्हणजे अगदीच रेंगाळत, कापले आणि व्यावसायिक लीग एनएफएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत (ड्राफ्टमध्ये) तो थेट 199व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे तो सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅकांपैकी एक ठरला, हे सर्वश्रुत आहे. याउलट अँथनी रिचर्डसन 4.43 सेकंदांत धावला आणि 2023 मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, पण फ्लोरिडा विद्यापीठाकडून अखेरच्या हंगामात त्याचे जेमतेम 54 टक्के पास पूर्ण झाले होते, आणि अचूकतेची तीच उणीव त्याला पुढेही भोवली.

सुरुवातीला तिसऱ्या डाउनचे (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याचे) खेळ तेवढे पुन्हा पुन्हा पाहा. बचावपटू अंगावर येत असताना क्वार्टरबॅकची नजर रिसीव्हरांवर (फेक झेलणाऱ्या खेळाडूंवर) टिकते, की तो लगेच पळ काढतो? दोन पावले सरकून, पाय रोवून केलेली फेक ही लांब धावेपेक्षा अधिक बोलकी असते.

उलट टोकाची चूकही टाळा: चपळ खेळाडूला फेक जमणारच नाही, असे धरून चालू नका. चपळ क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावे, असे 2018 मध्ये काही जाणकार सुचवत होते. 2019 च्या हंगामात तो क्वार्टरबॅक म्हणूनच एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेकीचे तंत्र, बचावाचे डावपेच वगैरे तूर्त बाजूला ठेवा.