घटस्फोट ‘देता’ येत नाही

मालवणहून प्रश्न आला आहे: ‘नवऱ्याने बायकोला घटस्फोट दिला’ म्हणावं की ‘घेतला’? आणि काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे सगळे त्याचेच प्रतिशब्द का?

‘दिला’ चूक. रोज छापून येतं, मालिकांत रोज ऐकू येतं, तरी चूक. सोडचिठ्ठी देता येते, कारण ती चिठ्ठी आहे. घटस्फोट खिशातून काढून कुणाच्या हातावर ठेवता येत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 खाली नवरा काय नि बायको काय, दोघंही फक्त मागू शकतात. द्यायचा की नाही ते न्यायालय ठरवतं. तेव्हा एकाने मागितलेला घटस्फोट ‘मिळतो’, आणि दोघांनी मिळून कलम 13-ब खाली मागितलेला ‘घेतला’ म्हटलं तर चालेल. प्रश्न संपला.

आता खरी गंमत. हा घट कुठला? लग्नात बोहल्याभोवती रचलेल्या मडक्यांची उतरंड, ती फुटली की लग्न फुटलं, असं काही हौशी व्युत्पत्तीकार ठोकून देतात. ऐकायला छान, आधार शून्य. दुसरे सांगतात, स्मशानात खांद्यावरून फोडतात ते मडकं. हे निदान वाटेवर आहेत, पण घरापर्यंत पोचलेले नाहीत. घर आहे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात: ‘दासी घटमपां पूर्णं पर्यस्येत् प्रेतवत् पदा’. जातीतून पतित झालेल्या जिवंत माणसाचे आप्त अशुभ दिवशी, संध्याकाळी, गुरु-ऋत्विजांसमक्ष (ऋत्विज म्हणजे यज्ञाचे पुरोहित) जमतात आणि त्याला पाणी देतात. मेलेल्याला देतात तसं. दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडते. मग एक अहोरात्र सुतक. त्यानंतर त्याच्याशी बोलणं नाही, शेजारी बसणं नाही, वारसाहक्क नाही, व्यवहार नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे आपल्या चिपळूणकडचे आणि पेशाने वकील. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातही घटस्फोट भेटतो तो याच बहिष्काराच्या प्रकरणात. नवराबायकोचा त्यात संबंध नाही. तो अर्थ मराठीने नंतर चिकटवला.

यावरून माझं मत असं, आणि ते कुणाला पटो न पटो, की घटस्फोटाला ‘पतित’ लागतोच. कुणाचा तरी दोष, तोही चारचौघांसमोर ठरलेला. म्हणजे ‘परस्परसंमतीचा घटस्फोट’ हा शब्दप्रयोग मुळातच विसंगत आहे. तिथे शोभतो काडीमोड: काडी मोडली, दोन तुकडे झाले, कुणी कुणावर बोट दाखवलं नाही. खरा घटस्फोट तो कलम 13 चा. व्यभिचार, क्रूरता, परित्याग, धर्मांतर, असाध्य मनोविकार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास, सात वर्षं ठावठिकाणा नसणं. (कुष्ठरोग 2019 मध्ये वगळला, फार उशिरा.) मनोविकार आणि बेपत्ता होणं यांत दोष कुणाचा, असा आडवा प्रश्न कुणीतरी विचारणारच. मनूच्या घटातही सगळं बसत नव्हतं.

आणि दोष ठरवायचा म्हणजे ‘तो फार छळतो’ एवढ्यावर भागत नाही. लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत, अपवादात्मक परवानगी नसेल तर, अर्जच करता येत नाही. अर्ज कुठे करायचा? लग्न जिथे लागलं तिथे, दोघं शेवटी एकत्र राहिली तिथे, सामनेवाला राहतो तिथे, आणि 2003 पासून बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथेही. म्हणजे कणकवलीला माहेरी आलेल्या बाईला डोंबिवलीच्या नवऱ्यासाठी कल्याण गाठावं लागत नाही. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे काम चालतं. अर्जात प्रत्येक प्रसंगाची तारीख, जागा, कोण हजर होतं, हे हवं. जे अर्जात नाही त्याचा पुरावा पुढे देऊ म्हटलं तर सामनेवाल्याचा वकील तिथेच हरकत घेतो, आणि बहुधा ती मान्य होते. साक्षीला आई आणून ‘मुलीने मला सांगितलं’ म्हणवण्यापेक्षा पडवीतून स्वतः पाहिलेला शेजारी बरा. त्याच रात्रीचा दवाखान्याचा कागद, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद हे उलटतपासात टिकतं. फोनवरचे संदेश नुसते छापून चालत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागतं, आणि मूळ फोन विकून टाकू नये. जोडीदाराचं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटलं आहे. समोरचा हजरच झाला नाही तरी हुकूमनामा आपोआप मिळत नाही. एकतर्फी कामातही हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 प्रमाणे न्यायाधीशाची खात्री पटावी लागते.

हे कलम 23 मला फार आवडतं, कारण त्यात मनूचा दुसरा घट आहे. पतिताने प्रायश्चित्त घेतलं की आप्त त्याच्यासह स्नान करतात आणि नवा भरलेला घट पाण्यात सोडतात. घरात घेतलं, मागचं मिटलं. कायदा तेच म्हणतो: क्रूरता किंवा व्यभिचार माहीत असून तुम्ही पुन्हा संसार केलात, तर ती माफी धरली जाते. 1975 चा दास्ताने खटला याचं उत्तम उदाहरण. बायकोचं वागणं क्रूर होतं हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, आणि तरी नवऱ्याने सहजीवन चालू ठेवून माफी दिली म्हणून तो हरला. (अर्ज न्यायिक विभक्तीचा, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा होता, क्रूरता हे घटस्फोटाचं कारण 1976 च्या दुरुस्तीने झालं.) त्याच निकालाने हेही सांगितलं की इथे खुनाच्या खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचं पारडं झुकलं की पुरे. माफी मात्र सशर्त असते. पुन्हा तसंच वागलं की जुनं जिवंत होतं.

आता परित्याग. इथे कोकणी बोली कायद्याच्या पुढे आहे. ‘घोवान टाकल्यान’ (नवऱ्याने टाकली) म्हणतात, ‘घोव सोडून गेलो’ (नवरा सोडून गेला) हे वेगळं. टाकलेली बाई माहेरी असते, घर सोडून तीच आलेली दिसते, तरी त्यागणारा तो. कायदाही हेच मानतो: जो जोडीदाराला बाहेर पडायला भाग पाडतो, परित्याग त्याचा. अडचण चाकरमान्यांची. नवरा मुंबईत, बायको गावी, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तेव्हा वेगळं राहणं म्हणजे परित्याग नव्हे. कायमचं सोडण्याचा इरादा दाखवावा लागतो, आणि अर्जाच्या लगत आधीची सलग दोन वर्षं. पैसे कधी थांबले, फोन कधी बंद झाला, नांदायला ये म्हणून पाठवलेल्या नोटिशीला काय उत्तर आलं, यावर सगळं ठरतं. मधल्या गणपतीत तो पाच दिवस आला आणि संसार पुन्हा सुरू झाला, तर मोजणी पहिल्यापासून. नुसता आरतीला उभा राहून परत गेला असेल तर नाही, पण ते सिद्ध करावं लागेल, म्हणून वाडीतला एखादा साक्षीदार तेव्हाच लक्षात ठेवावा.

फारकत राहिली. ती ‘फरक’वरून आलेली नाही, कृपा करून हे सांगणं बंद करा. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेख. खरेदीखत, गहाणखत यांतलंच. (शेतातलं खत वेगळं.) फारिग-खत, फारखत, मग महाप्राण गळून, म्हणजे ‘ख’चा ‘क’ होऊन, फारकत. गुजरातीने ‘फारगती’त तो ग सांभाळून ठेवला आहे. कर्ज फिटलं, भाऊ वाटणी घेऊन वेगळा झाला, की फारखत लिहून देत. सोडचिठ्ठी म्हणजे तिचं शुद्ध मराठी रूप: सोड म्हणजे फारिग, चिठ्ठी म्हणजे खत. म्हणून ‘फारकतीचा कागद’ ही द्विरुक्ती आहे, ‘पिवळा पीतांबर’सारखी.

आणि हा कागद पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर केला, वर ‘घटस्फोट करारनामा’ लिहिलं, तरी घट फुटत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 ने रूढीचा काडीमोड राखला आहे, पण ती रूढी आपल्या समाजात जुनी आणि अखंड आहे हे अर्जात मांडून सिद्ध करावं लागतं. गावकीच्या बैठकीचं इतिवृत्त त्याला पुरत नाही. अशा कागदावर भरवसा ठेवून दुसरं लग्न लावलेल्यांवर द्विविवाहाचा खटला येऊ शकतो. न्यायालयाचा हुकूमनामा हाती आल्यावरही अपिलाचे 90 दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि अपील झालंच तर ते फेटाळलं जाईपर्यंत थांबावं लागतं.

काडीमोड ‘घेतला’ की ‘घेतली’, असं त्याच पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात विचारलं आहे. दोन्ही ऐकू येतात. मी ‘घेतला’ लिहितो.