गुपित रोज राखावं लागतं

प्रिय मुली,

तुझं बाड दोनदा वाचलं. एकदा सलग, एकदा पेन्सिल हातात घेऊन. सोबतच्या चिठ्ठीत तू एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला आहेस: नवऱ्याचं गुपित कुठल्या पानावर फोडू? कार्यशाळेत कुणीतरी तुला सांगितलं की अशा कादंबरीत निदान तीन धक्के हवेत, म्हणून तू एक मेलेली जुळी बहीण आणि एक खोटा मृत्यूचा दाखला आणून बसवलास. दोन्ही काढून टाक. त्याबद्दल आणखी काही लिहिण्यात मला वेळ घालवायचा नाही.

कारण तुझ्याकडे आहे ती गोष्ट पुरेशी भयंकर आहे. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, लग्नाला आठ महिने. तिला वाटतं, आपली भेट बँकेच्या रांगेत योगायोगाने झाली. प्रत्यक्षात तो त्याआधी दोन वर्षं तिच्या मागावर होता आणि ती रांगसुद्धा त्यानेच जुळवून आणलेली. हे तू दोनशे बारा पानं झाकून ठेवलंस आणि शेवटच्या नऊ पानांत कपाटातल्या एका वहीतून बाहेर काढलंस. मग मला सांग, त्या दोनशे बारा पानांत हा माणूस करतो काय? ऑफिसला जातो, परत येतो, खिडकीशी उभा राहतो आणि 'गूढ हसतो'. गूढ हसणं चौदा वेळा आलंय. मी मोजलं.

अगं, गुपित रोज राखावं लागतं. ते कपाटात ठेवलं की आपोआप तिथे राहत नाही. दूध रोज तापवावं लागतं ना, नाहीतर नासतं? तसं. रोज सकाळी उठून कुणाला तरी त्याच्यासाठी काहीतरी करावं लागतं. ते काय, ते लिही. कधी फुटतं हा प्रश्न नंतरचा.

तुझ्याच माणसाचं बघ. त्याला तिच्याबद्दल सगळं ठाऊक आहे आणि ठाऊक नसल्यासारखं आठ महिने वागायचं आहे. केवढं काम आहे हे! ती लहानपणी मामाच्या विहिरीत पडल्याची गोष्ट सांगते. ती त्याने तिच्या मैत्रिणीकडून काढून घेतलेली आहे. तरी प्रत्येक वळणाला 'मग?' विचारायचं, योग्य जागी हसायचं. एकदा तो जरा आधी हसतो. एवढंच. पुढच्या पानावर खानावळीत ताट येतं आणि ती काही बोलायच्या आत तो तिच्या वाटीतलं वांगं उचलून घेतो, कारण वांग्याने तिच्या अंगावर पित्त उठतं. 'तुला कसं माहीत?' 'तुझी आई म्हणाली होती.' आता आई तसं म्हणालेली नाही. म्हणजे रात्री जिन्यात उभं राहून सासूला फोन करायचा, तब्येत विचारायची, विषय वांग्याच्या भरतावर आणायचा आणि तिच्या तोंडून ते वाक्य काढून घ्यायचं, मागच्या तारखेचं असल्यासारखं. ती दहा मिनिटं लिही. वाचकाचा घसा कोरडा पडेल, आणि त्यासाठी मेलेली बहीण लागणार नाही.

हे मला कुणी शिकवलं ते आता सांगते. आजवर लिहिलेलं नाही.

माझे एक काका सांगलीला असत. दर गुरुवारी ते नरसोबाच्या वाडीला जायचे, दत्ताच्या दर्शनाला. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन यायचे. काकू तो देवापुढे ठेवायची, हात जोडायची आणि मग आम्हा पोरांच्या तळहातावर अर्धा अर्धा पेढा. पुड्याचा दोरा ती कधी टाकत नसे. रिकाम्या रिळावर गुंडाळून ठेवायची आणि सकाळी देवाचे हार त्यातच ओवायची. काका वाडीला जातच नव्हते. वाटेतल्या एका गावी उतरत आणि एका पेढ्यांच्या दुकानाच्या बाकड्यावर तासभर बसून समोरच्या माडीच्या खिडकीकडे बघत. तिथे एक बाई राहायची. लग्नाआधी कधीतरी काकांनी तिला मागणी घातली होती आणि तिच्या घरून नकार आला होता. तिला हे बाकडं कधी कळलं की नाही, देव जाणे.

काकूला कसं कळलं? दोऱ्यावरून. वाडीच्या पुड्याला पांढरा दोरा असायचा, ह्याला गुलाबी. एका गुरुवारी ती मागच्या एसटीने गेली, डोक्यावरून पदर घेऊन लांब उभी राहिली आणि बघून परत आली. तोवर तिला एक कोडं सुटत नव्हतं, की काही गुरुवारी काका जेवताना दुसऱ्यांदा भात मागतात आणि काही गुरुवारी ताटावरून न बोलता उठतात. त्या दिवशी सुटलं. खिडकी उघडी असली की भात.

आणि मग बावीस वर्षं ती गप्प राहिली. गप्प म्हणजे स्वस्थ नव्हे, हे नीट ऐक. एका श्रावणात कृष्णा-पंचगंगेला पूर आला, वाडीचं देऊळ पाण्यात गेलं, पेपरात पहिल्या पानावर फोटो. काका संध्याकाळी कोरडे ठणठणीत घरी आले आणि म्हणाले, 'आज गर्दी नव्हती, पादुकांचं दर्शन निवांत झालं.' काकू म्हणाली, 'हातपाय धुवा, पान वाढते.' आणि थोरला मुलगा क्लासहून यायच्या आत तिने तो पेपर बंबात घातला. त्या घरात गुपितं दोन होती. त्यांचं त्यांनी राखलं, आणि आपल्याला ते माहीत आहे हे तिने राखलं. तिचं काम जास्त होतं. प्रसाद नसलेला पेढा दर गुरुवारी देवापुढे ठेवून हात जोडायचे, ह्याला किती बळ लागत असेल?

माझी पहिली कादंबरी आली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. घरातल्या कुजबुजीतून मला फक्त 'काकांचं कुठेतरी होतं' एवढंच ठाऊक होतं. त्यावर मी एक वाडा रचला, त्यात संशयाने भ्रमिष्ट झालेली बायको ठेवली, शेवटच्या पानावर तिच्या हातून खून करवला. मलपृष्ठावर छापलं होतं, 'शेवट कुणाला सांगू नका.' पुस्तक खपलं. काकूने ते मागून घेतलं आणि आठवड्याने परत केलं, आमच्या शाळेच्या पुस्तकांना घालायची तसं खाकी कव्हर घालून. म्हणाली, 'छान लिहिलंयस. पण काय गं, त्या बाईला दिवसभर काही काम कसं नाही?' मग ओट्याशी पाठमोरी उभी राहून, कणीक मळत, वर सांगितलं ते सगळं सांगितलं.

तू विचारशील, मग ते का नाही लिहिलं? कारण काकू होती. ती गेल्यावर तिची मुलं होती. आपल्या माणसांची मोरी चव्हाट्यावर धुवायची नाही, हा माझा निर्णय होता आणि तो बरोबरच होता. तिशीत मला ते झेपलंही नसतं. रहस्यकथा म्हणजे शेवटचं पान, असं तेव्हा प्रकाशकही मानत आणि वाचकही. मी एकटी काय वेगळं करणार होते? असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले आहे. पण त्या कादंबरीतली भ्रमिष्ट बाई माझ्या मानेवर बसलेली आहे ती आहेच. जिने बावीस वर्षं एक घर तोलून धरलं तिला मी वेडी करून टाकलं, कारण मला शेवटी दचकवायचं होतं. म्हणून तुझ्यावर एवढी चिडते आहे. तुझ्या कादंबरीतली बायकोही दोनशे पानं फक्त अस्वस्थ होते.

तुला हे घरगुती आणि जुनाट वाटत असेल तर ज्यांची नावं तू घेतेस त्यांच्याकडे बघ. 'गॅसलाइटिंग', म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच डोक्यावर संशय यायला लावणं, हा शब्द तुझ्या बाडात सहा वेळा आहे. तो ज्या नाटकावरून आला ते पॅट्रिक हॅमिल्टनचं 1938 सालचं 'गॅस लाइट'. नवरा बाहेर जातो म्हणून निघतो आणि चोरवाटेने वरच्या बंद मजल्यावर शिरतो, दागिने शोधायला. तिथे तो दिवा लावतो. गॅसची नळी घरभर एकच. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की खालची धार बारीक होते, तसा खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंद होतो. तो परत यायच्या आधी पुन्हा मोठा होतो. ती हे रोज बघते. गुपित राखायला त्याला दिवा लावावा लागतो आणि तो लावला की घराला कळतं. शब्द सगळ्यांनी उचलला, दिवा विसरले. तुला दिवा हवाय.

गिलियन फ्लिनच्या 2012 सालच्या 'गॉन गर्ल'मुळे तू ह्या वाटेला आलीस म्हणतेस. मग त्यात गुपित कुठे फुटतं ते आठव. साधारण अर्ध्यात! पुढचं अर्धं पुस्तक लोक तरीही खाली ठेवत नाहीत. कारण आपल्याच गायब होण्याचा बनाव रचायला त्यातल्या बायकोने केवढी मेहनत केली ते कळतं: वर्षानुवर्षांच्या खोट्या डायरीतल्या नोंदी, त्या वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारख्या दिसाव्यात म्हणून वेगवेगळी पेनं. मला त्या पुस्तकातली पेनं सगळ्यात भीतिदायक वाटतात.

आणि झपाटलेपणाबद्दल. तू 'वेड्यासारखं प्रेम' असं लिहितेस आणि पुढे जातेस. वेड कसं दिसतं? पॅट्रिशिया हायस्मिथची 1960 ची 'धिस स्वीट सिकनेस' मिळाली तर वाच. त्यातला तरुण आठवडाभर एका खाणावळवजा घरात राहतो आणि शनिवार-रविवारी आजारी आईला भेटायला जातो असं सांगून निघतो. आई केव्हाच वारलेली आहे. तो जातो दुसऱ्या नावाने घेतलेल्या घरात, जे त्याने दुसऱ्याशी लग्न झालेल्या एका बाईसाठी सजवलं आहे, आणि ती तिथेच असल्यासारखा राहतो. मी ते पुस्तक उशिरा, चाळिशीनंतर वाचलं. काकांची वाडी आणि ही आजारी आई एकच आहे हे लक्षात आलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेराँबोने 1921 मध्ये एका त्रेपन्न वर्षांच्या बाईची हकीकत नोंदवली आहे. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आपल्यावर प्रेम करतो अशी तिची खात्री होती. ती लंडनला जाऊन राजवाड्याबाहेर उभी राहायची आणि एखादा पडदा हलला की ती त्याची खूण समजायची. पडदा हलला, खिडकी उघडी दिसली, भात वाढा. झपाटलेल्या माणसाला पुरावा रोज लागतो आणि तो रोज मिळवतो. तुझ्या नवऱ्याला लग्नानंतर कसला पुरावा लागतो? ती मिळाली ना? मग तो थांबला का? तो थांबलेला नाही हे मला तुझ्या एकसष्टाव्या पानावर दिसतं, जिथे तो तिच्या चपला बघून ती आज कुठल्या रस्त्याने आली ते ओळखतो. हे वाक्य अप्रतिम आहे. तू ते लिहिलंस आणि लगेच पाऊस पाडलास.

एका बाबतीत मात्र तुझं काही ऐकणार नाही. त्याच्या पाठलागाला शेवटी तू 'प्रेमाची पराकाष्ठा' म्हटलं आहेस. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पडद्यावर मुलीच्या मागे सायकली फिरल्या आणि आपण त्यावर गाणी म्हटली. 2013 मध्ये पाठलाग आणि पाळत हा कायद्याने वेगळा गुन्हा झाला, भारतीय दंड संहितेचं कलम 354-ड. आता भारतीय न्याय संहितेत ते 78 वं कलम आहे. तुझा वाचक हे जाणतो. त्याच्याबद्दल दया वाटू दे, जरूर. मला काकांची दया येते. पण काकूच्या बावीस वर्षांना पराकाष्ठा कुणी म्हटलं नाही, आणि तू तिच्या बाजूने लिहायला बसली आहेस ना?

तेव्हा हे कर. एकसष्टाव्या पानापासून पुन्हा सुरू कर. गुपित वाचकाला तिथेच सांगून टाक, तिला शंभराव्याच्या आसपास कळू दे. वही नको. वांगं, चप्पल, सासूचा फोन, ह्यातूनच कळू दे. आणि मग तिला लगेच दार उघडून पळवू नकोस. तिची पगाराची बँक त्याच्या फोनवर आहे, भावाचं लग्न नऊ दिवसांवर आहे, असं तूच लिहिलं आहेस. म्हणजे तिला नऊ दिवस काही माहीत नसल्यासारखं वागायचं आहे, अशा माणसासमोर ज्याला तिची चप्पल वाचता येते. आता गुपित तिच्याकडे आहे. आता रोज तिला राखायचं आहे. सकाळी चहात आलं नेहमीएवढंच किसायचं, विहिरीची गोष्ट तो पाहुण्यांना सांगायला लागला तर नेहमीच्या जागी हसायचं, रात्री पाठ करून झोपायची सवय असेल तर पाठ करूनच झोपायचं.

शेवटी ती घर सोडते की नाही, हेही तू विचारलं आहेस. मला माहीत नाही. आधी ते नऊ दिवस लिही. फक्त तेवढेच, आणि कागदावर पाठव. फोनवर मला वाचवत नाही.

तुझी,
मावशी