वाचक विचारतात : दोन टीव्ही, तीन घरे

प्रश्न : आमचा जुना टीव्ही ऐन गणपतीत बंद पडला. आता ५५ इंची फोर-के संच घ्यायचा आहे आणि दुकानात दोन संच पसंत पडले आहेत. पहिला ४८ हजारांचा असून त्याच्या माहितीपत्रकात आयपीएस पॅनेल, ६० हर्ट्झ आणि ३५० निट्स असे लिहिले आहे. दुसरा ५७ हजारांचा असून त्यात व्हीए पॅनेल, १२० हर्ट्झ, ५०० निट्स आणि फुल अ‍ॅरे लोकल डिमिंग आहे. दुकानदार दुसऱ्याचाच आग्रह धरतो. घरात आम्ही पाच जण आहोत. सकाळी अकरापासून बातम्या, संध्याकाळी सात ते दहा मालिका आणि सामने असले की क्रिकेट, असे सगळे केबलवरच पाहिले जाते. सोफा टीव्हीसमोर नऊ फुटांवर आहे; सासूबाईंचा दिवाण मात्र बाजूच्या भिंतीला लागून आहे. नऊ हजार रुपये जास्त घालावेत का?
— एक वाचिका, मिरज

उत्तर : सासूबाईंचा दिवाण हलवता येणार नसेल तर पहिला संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा संच वाईट नाही, उलट बहुतेक कसोट्यांवर तो सरस आहे. पण त्याचे जे गुण आहेत ते आपल्या घरात फारसे उपयोगाला येणार नाहीत आणि त्याचा जो एक दोष आहे तो रोज संध्याकाळी तीन तास सासूबाईंना जाणवेल.

दोन्ही संच एलसीडीच आहेत, म्हणजे मागे दिवे आणि पुढे ते दिवे अडवणारा किंवा सोडणारा द्रवस्फटिकांचा थर. व्हीए पॅनेलमधले स्फटिक समोरून पाहणाऱ्यासाठी प्रकाश चांगला अडवतात, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो; मात्र बाजूला सरकले की तोच थर प्रकाश नीट अडवू शकत नाही आणि चित्र फिके पडते. आयपीएस पॅनेलमध्ये स्फटिक पडद्याला समांतर फिरत असल्याने बाजूने पाहिले तरी रंग बरेचसे टिकतात. त्याची किंमत अशी, की अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग राखेसारखा दिसतो. दिवाणावर बसणारी व्यक्ती पडद्यापासून पाच फूट पुढे आणि मध्यरेषेपासून सहा फूट बाजूला आहे असे धरले, तर ती पडद्याकडे सुमारे ५० अंशांच्या कोनातून पाहते. व्हीए पॅनेलचे रंग याच्या निम्म्या कोनापासूनच उतरू लागतात. घरी टेप लावून आपले अंतर मोजून पाहा आणि दुकानात तेवढ्याच कोनात उभे राहून दोन्ही संचांवर एकच वाहिनी लावायला सांगा. माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावे. साडीच्या रंगांनी फसायला होते, पण चेहरा पांढुरका पडला की लगेच कळते. एकाच मालिकेतल्या वेगवेगळ्या आकारांच्या संचांत कंपन्या वेगवेगळी पॅनेल वापरतात, म्हणून ४३ इंची पाहून ५५ इंचीची मागणी नोंदवू नये.

आता दुकानदाराच्या मुद्द्यांकडे येऊ. निट्स हे पडद्याच्या उजेडाचे माप. ५०० निट्सचा पडदा दिवसा अधिक उजळ दिसेल हे खरे आहे आणि सोफ्यावर बसणाऱ्यांना तो फरक जाणवेलही. परंतु लोकल डिमिंगसाठी, म्हणजे पडद्यामागचे दिवे गटागटाने मंद करण्याच्या सोयीसाठी, आणि गडद काळ्यासाठी जे पैसे मोजले जातात, ते सकाळी अकरा वाजता वाया जातात, कारण खोलीतला उजेड काचेवरून परत येऊन काळ्या भागावर स्वतःचाच एक राखाडी थर चढवतो. टीव्ही खिडकीसमोरच्या भिंतीवर न लावता खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर लावला आणि एक जाड पडदा शिवून घेतला, तर ३५० निट्समध्ये बातम्या सुखाने पाहता येतात.

क्रिकेटसाठी १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा, हवाच, हे मात्र मला मान्य नाही. आपल्याकडे केबल आणि डीटीएचवरचे प्रक्षेपण सेकंदाला ५० क्षेत्रांचे, म्हणजे प्रत्येकी अर्ध्या ओळींच्या ५० चित्रांचे असते. साधा पडदाही ते जसेच्या तसे दाखवू शकतो. १२० हर्ट्झचा संच मधली चित्रे स्वतः रचून भर घालतो, त्यामुळे चेंडूची रेघ थोडी स्वच्छ दिसते. पण कधी कधी याच रचनेमुळे बॅटच्या कडेला भुतासारखी सावलीही दिसते.

आपल्या घरात चित्र बिघडवणारी खरी गोष्ट वेगळीच असण्याचा संभव आहे. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते आणि फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. गुणाकार करून पाहिल्यास प्रत्येक ठिपक्याला बरोबर २० ठिपक्यांची जागा भरावी लागते. ही भर कोणताही संच घालतो, पण नसलेला तपशील कुणालाच आणता येत नाही. म्हणून वाचलेल्या नऊ हजारांतून आधी एचडी सेट-टॉप बॉक्स घ्यावा आणि ज्या मालिका रोज पाहता त्या वाहिन्यांची एचडी आवृत्ती घ्यावी. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राची पातळी १०८० केली आहे ना, हेही पाहावे. केबलवाला बॉक्स जोडून निघून जातो आणि नव्या एचडी बॉक्समधून वर्षभर जुनेच चित्र येत राहते, अशी घरे मी पाहिली आहेत.

जाता जाता किमतीविषयी : ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुकानदार त्याआधीच्या छापील किमतीवरून सवलत मोजून दाखवत असेल, तर त्या सवलतीतली काही रक्कम मुळात करातली कपात आहे.

प्रश्न : मी हिंजवडीला वन बीएचकेमध्ये एकटा राहतो. मित्राच्या घरी आपल्या या सदरात नेहमी येते तशीच जोडी पाहिली : एक ५५ इंची आयपीएस, ६० हर्ट्झचा, आणि दुसरा ५५ इंची व्हीए, १२० हर्ट्झ, लोकल डिमिंगचा, नऊ-दहा हजारांनी महाग. माझा टीव्ही रात्री दहानंतरच लागतो. दिवे बंद करून चित्रपट आणि वेबमालिका पाहतो आणि सुट्टीच्या दिवशी प्लेस्टेशन ५ खेळतो. खुर्ची बरोबर समोर, सात फुटांवर आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण महाग असलेला दुसरा संच घ्यावा. वरच्या पत्राला मी नेमका उलटा सल्ला दिला आहे आणि त्यात विसंगती नाही, कारण बाजूने पाहणारे तुमच्याकडे कुणीच नाही आणि अंधार मात्र भरपूर आहे.

आयपीएस पॅनेलचे पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर साधारण १००० ला १ असते. चांगल्या व्हीए पॅनेलचे ३००० ला १ आणि त्याहून वर जाते. दिवसा हा फरक कळत नाही, पण दिवे घालवून रात्रीचे दृश्य लावले की आयपीएसवर आकाश निळसर राखाडी दिसते आणि चित्रपटाच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या उजळलेल्या दिसतात. एकदा डोळा तिकडे गेला की मग तो तिथून हटत नाही. लोकल डिमिंगमध्ये पडद्यामागचे दिवे गटागटाने मंद होतात, त्यामुळे काळे आणखी गडद होते. गट थोडे असतील तर पांढऱ्या उपशीर्षकांभोवती धूसर वलय दिसते, म्हणून दुकानात काळ्या दृश्यावर उपशीर्षके लावून पाहावीत आणि गटांची संख्या विचारावी. ती सांगता न येणारा विक्रेता बहुधा पुढच्या प्रश्नाचेही उत्तर देऊ शकत नाही.

पुढचा प्रश्न असा : १२० हर्ट्झ हा पॅनेलचा मूळ वेग आहे की जाहिरातीतला? ‘मोशन रेट’ किंवा तशाच नावाखाली ६० हर्ट्झच्या पडद्यालाही १२० किंवा २४० असा आकडा चिकटवला जातो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. १२० ला २४ ने भागल्यास पूर्ण ५ येतात, म्हणून प्रत्येक चौकट सारखाच वेळ दिसते. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे काही चौकटी दोनदा आणि काही तीनदा दाखवाव्या लागतात आणि कॅमेरा हळूच फिरत असताना चित्र किंचित अडखळते. प्लेस्टेशन ५ काही खेळ फोर-केमध्ये १२० हर्ट्झने देऊ शकतो, पण त्यासाठी टीव्हीचे एचडीएमआय २.१ चे तोंड लागते आणि मध्यम किमतीच्या संचांत ते सगळ्या तोंडांवर असेलच असे नाही. बहुधा एक-दोन तोंडांवरच ती सोय असते. केबल तिथेच जोडावी आणि गेम मोड चालू ठेवावा, नाहीतर बटण दाबल्यावर पडद्यावरची हालचाल उशिरा होते.

एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक अधिक ठळक दाखवणारे चित्र. खोक्यावर ‘एचडीआर’ लिहिलेले असणे म्हणजे संचाला तो संकेत कळतो, एवढेच. तो संकेत दाखवण्याइतका उजेड पडद्यात हवा आणि तो ५०० निट्सपाशी जेमतेम सुरू होतो. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच प्रकार हवा असल्यास सॅमसंगचे संच बाद होतात, कारण ती कंपनी त्याऐवजी एचडीआर१०+ हा दुसरा प्रकार देते. ज्या सेवेवर आपण चित्रपट पाहता तिची योजनाही तपासावी. नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त सर्वांत महाग योजनेत मिळते.

संच घरी आल्यावर पहिल्याच दिवशी चित्राचा प्रकार बदलावा. दुकानात डोळे दिपवण्यासाठी ‘व्हिविड’ लावलेला असतो. मी स्वतः एकदा दोन महिने तसाच टीव्ही पाहिला आणि सगळे वृत्तनिवेदक उन्हात रापलेले का दिसतात याचे आश्चर्य करत राहिलो. ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ निवडावे आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करावी; ती चालू असली की मोठा चित्रपटही घरगुती चित्रीकरणासारखा दिसू लागतो.

प्रश्न : आईवडील गावी असतात आणि डीडी फ्री डिशवर सह्याद्री व बातम्या पाहतात. इंटरनेट नाही. ४३ इंची फोर-के स्मार्ट संच घ्यावा की ४३ इंची फुल एचडी? दोघांत सहा हजारांचा फरक आहे.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फुल एचडी घ्यावा. फ्री डिशवरच्या चित्राला फोर-के पडद्याचा उपयोग नाही आणि स्मार्ट सोयींची त्यांना अडचणच अधिक होईल. टीव्ही लावल्यावर अ‍ॅपची चित्रे समोर आली की वडीलधारी माणसे गोंधळतात. त्यामुळे सुरू होताच शेवटचे एचडीएमआय किंवा एव्ही तोंड आपोआप लागेल असा पर्याय त्या संचात आहे का, एवढे विकत घेण्यापूर्वी रिमोट हातात घेऊन पाहावे. आवाजाचे बटण अंधारात बोटाला लागते ना, हेही पाहावे. पावसाच्या तोंडाशी विजा कडाडू लागल्या की प्लग काढायला आपण त्यांना सांगितलेच असेल. डिशकडून येणारी वायरही सेट-टॉप बॉक्समधून काढायला सांगावी.