त्या आकड्याला ‘बुद्ध्यंक’ म्हणावं का?

विचारणा अशी आहे: ऑनलाइन ‘आयक्यू टेस्ट’ सोडवल्यावर जो आकडा हाती येतो त्याला मराठीत बुद्ध्यंक म्हणायचं का? तिथे बरेचदा राजधान्या आणि शोधांची सालंच विचारलेली असतात. मग ती बुद्धी की नुसती माहिती? आणि लिहायचं कसं, बुद्ध्यंक, बुद्ध्यांक की बुद्धिगुणांक?

लेखनाचं आधी उरकून टाकतो. बुद्धि + अंक = बुद्ध्यंक, अति + अंत = अत्यंत होतं तसंच. ‘बुद्ध्यांक’ सर्रास दिसतो, पण त्यातल्या कान्याला काही आधार नाही. बुद्धिगुणांक हाही रूढ आहे. गंमत एवढीच, की मुळात हा अंक गुणाकाराचा नव्हे, भागाकाराचा होता. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली मुलाचं ‘मानसिक वय’ त्याच्या खऱ्या वयानं भागण्याची कल्पना मांडली. १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी आपल्या चाचणीत त्या भागाकाराला १०० नं गुणलं. आठ वर्षांच्या मुलाला सर्वसाधारण दहा वर्षांच्या मुलाइतकं जमलं, तर १० भागिले ८ गुणिले १००, म्हणजे १२५.

मोठ्यांच्या बाबतीत हे गणित कोलमडतं. विशीतल्याइतकंच जमणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला या हिशेबानं ५० द्यावे लागतील! म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ सालच्या आपल्या चाचणीत रीतच बदलली: माणूस आपल्याच वयोगटातल्या लोकांमध्ये कुठे बसतो ते पाहायचं, आणि सरासरीला १०० म्हणायचं. आज बहुतेक चाचण्या याच रीतीनं चालतात. भागाकार गेला, अंक उरला. त्यामुळे आपला ‘बुद्ध्यंक’ हा शब्द आजच्या अर्थाला ‘इंटेलिजन्स क्वोशंट’ (क्वोशंट म्हणजे भागाकार) या मूळ इंग्रजी नावापेक्षा जास्त चपखल बसतो, असं माझं मत.

आता राजधान्यांकडे. ‘ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती?’ कॅनबेरा हे ठाऊक नसेल तर कितीही डोकं खाजवा, उत्तर निघणार नाही. अशी उत्तरं पटापट देणाऱ्यासाठी मराठीत ‘बहुश्रुत’ हा नेमका शब्द आहे. पण ‘माहितीचे प्रश्न म्हणजे बोगस चाचणी’ असंही सरसकट म्हणता येत नाही. वेक्सलर यांच्या चाचण्यांतही सामान्य माहितीचा आणि शब्दसंग्रहाचा भाग असतो. चटकन उमगणाऱ्याकडे वर्षानुवर्षांत जास्त साठतं, हा त्यामागचा तर्क. तो शिकण्याची संधी सारखी मिळाली असेल तिथेच टिकतो, हे मात्र विसरू नये. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकारच सांगितले: नव्या प्रश्नाला भिडणारी ती प्रवाही, आणि अनुभवातून, शिक्षणातून साठलेली ती दुसरी. दुसरीला पुस्तकी मराठीत स्फटिकरूप म्हणतात. मी ‘मुरलेली’ म्हणेन.

उलट, तर्काचे वाटणारे प्रश्नही फसवे असतात. १, १, २, ३, ५, ८, पुढे काय? ही मालिका पहिल्यांदाच पाहणारा मागच्या दोन अंकांची बेरीज ताडून १३ म्हणतो. ज्याला ‘फिबोनाची’ हे या मालिकेचं नाव ठाऊक आहे तो काहीच न ताडता १३ म्हणतो. उत्तर एकच, गुण सारखेच. एकाची बुद्धी चालली, दुसऱ्याची आठवण. म्हणजे एखादा प्रश्न काय मोजतो हे प्रश्नावर जेवढं अवलंबून, तेवढंच सोडवणाऱ्यावर.

तेव्हा ‘बुद्ध्यंक’ म्हणायचं की नाही हे प्रश्नांच्या विषयावरून ठरवू नये. तुलना कुणाशी केली ते विचारावं. पद्धतशीर चाचणी आधी निवडक, प्रातिनिधिक लोकांना ठरावीक सूचना देऊन, सारख्या परिस्थितीत देतात आणि त्यावरून अंक बसवतात. नेहमीच्या मापानं १४० किंवा त्याहून जास्त बुद्ध्यंक हजारात चारेक जणांचा निघतो. ऑनलाइन चाचणीत ओळखीतल्या निम्म्या लोकांना १४० मिळत असतील, तर तो अंक कुठून आला हे चाचणी बनवणाऱ्यालाच ठाऊक. संशोधकांनी नीट पारखलेल्या ऑनलाइन चाचण्याही आहेत. पण तिथे तुलनेचा गट कोणता हे सांगितलेलं असतं.

म्हणून वापर असा सुचवतो. वयोगटाशी तुलना करून काढलेला असेल तरच बुद्ध्यंक, एरवी ‘गुण’. ‘प्रश्नमंजूषेत १४० गुण मिळाले’ हे वाक्य स्वच्छ आहे. ‘बुद्ध्यंक १०० पैकी १२०’ असं लिहू नये, कारण इथे ‘पैकी’ काहीच नाही. १०० ही सरासरी आहे, कमाल नव्हे. ‘त्याचा बुद्ध्यंक तिच्यापेक्षा वीस टक्क्यांनी जास्त’ हेही चुकीचं, कारण हा अंक शून्यापासून मोजलेला नाही. ‘वीसनं जास्त’ चालेल.