तुमचे प्रश्न : सॉकेट सारखंच, मग आवाज का वेगळा?

प्रश्न : जुना दोन चॅनलचा डीजे मिक्सर घेतलाय. मागे सगळीकडे लाल-पांढरे आरसीए सॉकेट आहेत, सगळे एकसारखेच दिसतात. टर्नटेबल लावला तर आवाज एकदम बारीक आणि पातळ येतो, लॅपटॉप लावला तर फाटतो. मिक्सरच बिघडलाय का?

उत्तर : मिक्सर बहुतेक ठणठणीत आहे, तुमच्याकडून दोघांची अदलाबदल झालेली दिसते. सॉकेटचा आकार बघून काहीच कळत नाही, बाजूला फोनो (टर्नटेबलसाठी) लिहिलंय की लाइन (लॅपटॉप, सीडी प्लेयरसाठी) ते वाचायचं. टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई जिच्यात बसते तिच्यातून, साधारण ५ मिलिव्होल्टच सिग्नल येतो आणि सीडी प्लेयर फुल जोरात २ व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे शेकडो पट फरक झाला की नाही! म्हणून फोनो इनपुटच्या मागे आणखी एक प्रीॲम्प बसवलेला असतो, तो हा नाजूक सिग्नल लाइनच्या पातळीला आणून देतो. त्यातच लॅपटॉप घातला तर आधीच मोठा असलेला सिग्नल अजून वाढतो आणि फाटतो, त्यात मिक्सरचा काय दोष.

आता पातळ आवाजाचं. रेकॉर्डवर गाण्याची खाच कापताना बास (खालचे जाड सूर) मुद्दाम कमी करतात आणि ट्रेबल (वरचे बारीक सूर) वाढवतात, कारण जोरदार बासची खाच फार रुंद होते, रेकॉर्डवर गाणी मावत नाहीत आणि सुईही उडू शकते. वाजवताना फोनो प्रीॲम्प हे सगळं उलटं करतो, बास वर आणि ट्रेबल खाली, त्यामुळे ट्रेबलबरोबर खरखरही दबते. याला आरआयएए कर्व्ह म्हणतात, १९५० च्या दशकापासून हाच सगळीकडे चालत आलाय, आणि २० हर्ट्झला तो जवळपास २० डेसिबल बास वाढवतो. लाइनमध्ये टर्नटेबल घातला की हे काहीच होत नाही, मग गेन कितीही फिरवा, आवाज मोठा होईल पण पत्र्यासारखाच येईल.

लावायच्या आधी दोन-तीन गोष्टी बघा. बऱ्याच मिक्सरला मागे फोनो/लाइनचा छोटा स्विच असतो आणि वर प्रत्येक चॅनलला वेगळा सिलेक्टर असतो, दोन्ही बरोबर जागी हवेत, हा मागचा स्विच लोक हमखास विसरतात. काही टर्नटेबलमध्ये स्वतःचा प्रीॲम्प असतो आणि त्याच्या मागेही फोनो/लाइन स्विच असतो. तो लाइनवर असेल तर मिक्सरच्या लाइनमध्ये घाला, फोनोवर असेल तर फोनोमध्ये. दोन्हीकडचा प्रीॲम्प एकदम चालू राहिला तर आवाज फाटणारच. मला विचाराल तर मिक्सरचाच वापरा, स्वस्त टर्नटेबलमधला तेवढा चांगला नसतो.

आणि टर्नटेबलला आरसीएसोबत एक बारीक वेगळी वायर आली असेल तर ती ग्राउंडची, मिक्सरच्या मागे ग्राउंड लिहिलेल्या स्क्रूला घट्ट बांधा. ती सुटी राहिली की सारखा घूंऽऽ आवाज येतो आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.

प्रश्न : लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून मिक्सरला कसं द्यायचं? आणि माईक?

उत्तर : एका टोकाला ३.५ एमएम स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए अशी केबल घ्या, मिक्सरच्या लाइनमध्ये लावा, फोनोत नाही. लॅपटॉपचा व्हॉल्यूम बऱ्यापैकी वर ठेवा आणि मग चॅनलचा ट्रिम (आत येणारा सिग्नल कमी-जास्त करणारा नॉब, यालाच गेनही म्हणतात) फिरवून मीटर लाल होणार नाही इतकं बसवा. उलटं केलं, म्हणजे लॅपटॉप एकदम कमी आणि ट्रिम पूर्ण वर, तर गाण्याबरोबर सूंसूं पण मोठी होते. माईकचा सिग्नलही काही मिलिव्होल्टचाच असतो, पण त्याला आरआयएए नको असतं, म्हणून तो माईक लिहिलेल्या इनपुटमध्येच, फोनोत घालून बघू नका.

प्रश्न : ॲम्प्लिफायरच्या स्पीकर आउटपुटमधून मिक्सरला घेतलं तर चालेल का?

उत्तर : अजिबात नाही. तिथला सिग्नल स्पीकर हलवण्याइतका मोठा असतो, मिक्सरचं इनपुट जळू शकतं. ॲम्पला लाइन आउट किंवा रेकॉर्ड आउट असेल तर तिथून घ्या. आणि काहीही जोडताना-काढताना आधी मिक्सरचा मास्टर व्हॉल्यूम खाली आणा, नाहीतर जो धाड्कन आवाज होतो तो स्पीकरला बरा नाही.