वर्गात गप्प बसणारी परगावची मुलगी

‘वर्गातलं परप्रांतीय मूल बोलतच नाही. त्याला भाषा कळत नाही, की डोकंच कमी आहे?’ कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींच्या आसपासचे शिक्षक मला, मुलांच्या समुपदेशकाला, हे सारखं विचारतात. फौंड्रीत, बांधकामावर आलेल्या बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातल्या कुटुंबांची मुलं आता त्यांच्या वर्गांत आहेत. त्यांतल्याच एका मुलीची ही हकीकत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

तिसरीच्या वर्गशिक्षिका आल्या होत्या. ‘‘मॅडम, दिवाळी झाली तरी पोरगी तोंड उघडंना. पाढे म्हण म्हटलं की खाली बघती. मुख्याध्यापक म्हणत्यात, पहिलीत बसवा. तुम्ही बुद्ध्यांक तपासायला पत्र द्या.’’

पहिलीत बसवायचा विचार मी आधी थांबवला. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 4 प्रमाणे मुलाला वयानुसार वर्ग मिळतो आणि मागं पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण हा त्याचा हक्क आहे. लहानग्यांत बसवलेलं मूल भाषा शिकत नाही, लाजायला शिकतं. तपासणीही लगेच नको म्हटलं. मराठीतून तपासली असती तर तिची बुद्धी नव्हे, फक्त मराठी मोजली गेली असती.

मुलीच्या आईला बोलावलं. घरी मैथिली, गावच्या शाळेत दुसरीपर्यंत हिंदी, आणि इथं एकदम मराठी. वडील रात्रपाळीला, खोली एकच. दिवसा ते झोपलेले, म्हणून शाळेतून आल्यावरही पोरांनी कुजबुजतच बोलायचं. ‘‘ते कामावर गेले की हिचं तोंड थांबत नाही,’’ आई हिंदीत म्हणाली. किराणा दुकानाची उधारीसुद्धा हीच लिहून ठेवायची!

मग पाढे का येईनात? तिच्या शाळेतला पाढा ‘दो एकम दो’ असा. आपला सुरू होतो ‘बे एके बे’ने. मोजताना जिनं ‘दोन’ ऐकलं, तिला हे ‘बे’ कुठून उमगणार? बाईंनी तेच गुणाकार कागदावर दिले. एक सोडून सगळे बरोबर आले.

बाईंचा दुसरा प्रश्न रास्त होता. ‘‘खेळताना पोरींशी चांगली बोलती की. मग वर्गातच काय होतंय?’’ जिम कमिन्स या भाषा-अभ्यासकांनी दाखवलंय की रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा एक-दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. शिवाय मैदानावर तिच्या कानावर पडते कोल्हापुरी आणि पुस्तकात असते प्रमाण मराठी. सुरुवातीचे काही महिने बरीच मुलं नुसती ऐकत असतात. त्या काळात त्यांच्या आत खूप काही चाललेलं असतं.

काळजी कधी करायची? मूल घरच्या भाषेतही अडखळत असेल, गावच्या शाळेतही हीच अडचण असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या आणि मग माझ्याकडे या. घरी मनमोकळं बोलणारं मूल भाषा समजायला लागल्यावरही शाळेत महिनोन्‌महिने मुकंच राहिलं, तरीही या. ते भीतीमुळे असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

बाईंनी बरंच केलं. उद्याचा प्रश्न तिला आदल्या दिवशी सांगायचा. उत्तर हिंदीत चालेल, बोटानं दाखवलं तरी चालेल. शेजारी एक बोलकी पोरगी बसवली. पण सगळ्यांत जास्त उपयोग झाला शिक्षकांच्या बैठकीतल्या, म्हणजे शिक्षण परिषदेतल्या एका सत्राचा. माझ्या विनंतीवरून मुलीची आई तिथं आली आणि छठपूजेचे चार दिवस कसे असतात ते तिनं मैथिलीत सांगितलं. मग मी शिक्षकांना त्यावर प्रश्न दिले. कुणी शेजाऱ्याच्या कागदात डोकावलं, कुणी पेनाशी चाळा करत बसलं, एका गुरुजींनी तर माझ्याकडं बघायचंच टाळलं. मुलांच्या ज्या वागण्याची तक्रार घेऊन ते येतात, ते प्रत्येकाच्या अंगात उतरलं होतं. माझ्या भाषणानं हे झालं नसतं. छठसाठी ती पोरगी गैरहजर राहिली तेव्हा कारण कुणीच विचारलं नव्हतं, हेही तिथंच निघालं.

शाहू महाराजांनी याच करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, जातीजातींच्या, परगावच्या मुलांसाठी वसतिगृहं उभारली आणि 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. या शहराच्या शाळेत एखादं मूल परकं वाटून गप्प बसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलगी आता गणिताला हात वर करते. मराठी वाचन अजून जड जातं, आणि तिसरीत ते जड जाणारच. वडिलांचा ठेकेदार बदलला तर शाळाही बदलेल. म्हणून तिला काय येतं, काय शिकवून झालंय आणि घरी कोणती भाषा आहे, ही नोंद बाईंनी मराठीत आणि हिंदीत लिहून आईजवळ दिली आहे. पुढच्या शाळेनं दाखला नाही म्हणून प्रवेश अडवला, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 दाखवायचं, हेही आईला समजावून सांगितलं आहे.